वर-खाली माझं, डावं-उजवं तुझं

प्रिय गुंड्या,

तुझा निरोप मिळाला. चार ओळींचा निरोप, त्यातही दोन हसरे चेहरे. "ताई, खांद्याची वाट लागलीय, डॉक्टरांनी जड धनुष्य बंद केलंय. माळ्यावरचं जुनं घेऊन ये. पुढच्या रविवारी इथे जोडीची फेरी आहे. तू सांग, मी मारतो. येशील ना?" मी त्यावर "बघते" एवढंच लिहिलं आणि तू लगेच अंगठा उंच करून मोकळा झालास. माझं 'बघते' म्हणजे 'हो' हे तू लहानपणापासून गृहीत धरत आलायस, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघालंय. या वेळी तसं नाही. येणार की नाही हे सांगायच्या आधी मला बरंच काही सांगायचंय, आणि ते फोनच्या टीचभर काचेवर लिहिता येईना, म्हणून चांगला जाड कागद आणलाय. ओळी वर चढतायत, तिकडे दुर्लक्ष कर. आणि शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे.

आधी खांद्याबद्दल. व्यायाम करतोस की नुसतं करतो म्हणून सांगतोस? तुझी बायको फोनवर म्हणाली की गेले कितीतरी महिने तू शर्ट घालताना तोंड वाकडं करायचास आणि विचारलं की "काही नाही, मुंग्या आल्या" म्हणायचास. दिवसभर त्या दातांच्या कवळ्या घासत वाकून बसायचं आणि संध्याकाळी ते राक्षसी धनुष्य ओढायचं, मग खांदा काय आरती ओवाळणार तुझी? पण मी जास्त बोलत नाही. दुखणं लपवण्यात आपल्या घरात कुणीच कुणाला हार जाणार नाही. बाबांनी नाही का, पायाचा अंगठा मोडलेला असताना दोन आठवडे सैल चपला घालून दुकान चालवलं, आणि वर आपल्यालाच दम भरला की चपला कुणी ताणून ठेवल्या?

दुकान ठीक आहे. दोरखंड आता कमी जातो, नायलॉन जास्त. लोक येतात, दोन बोटं एकमेकांपासून लांब धरून "एवढी जाड द्या" म्हणतात आणि लांबी विचारली की आकाशाकडे बघतात. "गच्चीच्या कठड्यापासून समोरच्या झाडापर्यंत" हे उत्तर अजूनही येतं. पूर्वी मी बरोबर जाऊन एक नजर टाकायची आणि परत येऊन दोर कापायची. हल्ली मोजपट्टी देते आणि सांगते, बाबा रे, तूच मोजून आण. शेजारच्या घड्याळवाल्याला याचं फार नवल वाटलं. त्याला कशाचंही नवल वाटतं म्हणा, दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला बाहेरचं सगळं मोठंच दिसणार.

तुझं धनुष्य माळ्यावरून काढलं. गोणपाटाखाली होतं, मुठीचं चामडं तुझ्या घामानं काळं पडलेलं. शिडीवरून उतरताना एक पायरी चुकली, गुडघा सोलवटला, धनुष्याला काही झालं नाही. दोरी मात्र कुजली होती. ओढलीच असतीस तर तोंडावर तुटली असती. मग नवी वळली. भिंतीतले ते दोन खिळे अजून आहेत, बाबांनी ठोकलेले. त्यांच्याभोवती धागा फिरवला, मेण चोळलं, मधल्या जागी जिथे बाण बसतो तिथे वरून बारीक दोरा गुंडाळला. पूर्वी हे काम मी रेडिओ ऐकत, गिऱ्हाईकाशी भांडत करायची. या वेळी दोरा दोनदा उलगडावा लागला, वळणावर वळण चढत होतं. तिसऱ्यांदा डोळे मिटून बोटांनी गुंडाळला, तर नीट बसला. दोरी चांगली झालीय, निर्धास्त ओढ.

ते धनुष्य हातात धरलं आणि मी तिथेच गोण्यांवर बसून राहिले. तुला आठवतंय का, आपली तिरंदाजी मंडळातली पहिली जोडीची फेरी? टेकडीमागच्या रानातून वाट, वाटेवर कुठेकुठे झाडाआड ती फोमची जनावरं, हरणं, डुकरं आणि ते एका कानाचं अस्वल. एकानं मारायचं, एकानं सांगायचं. मोजायचं कुठलंही साधन खिशात ठेवायचं नाही. सांगणाऱ्यानं, जिथून बाण मारायचा त्या खुंटीशी उभं राहून, जनावर किती मीटरवर आहे तो एकच आकडा बोलायचा, तोही एकदाच. बोलला की बदलायचा नाही. मग मारणाऱ्यानं धनुष्यावरची नेमाची खूण त्या आकड्यावर सरकवायची आणि बाण सोडायचा. तू मला नेलंस ते केवळ तुझा मित्र तापानं पडला होता म्हणून. मी चपला घालून आले होते आणि सगळे मला हसत होते. आणि पहिल्याच खुंटीवर मी हरणाकडे पाहिलं आणि म्हटलं, एकतीस. मंडळाचे मिस्त्री, ते धनुष्यं बनवणारे, नंतर फितीनं मोजायला गेले आणि परत आले ते माझ्याकडे निरखून बघत आले. त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. मी जन्मभर दोर मोजत आले होते, दोन्ही हात पसरून वावा-वावानं, दुकानाच्या दारापासून गल्लीत अंथरून. मला झाडापर्यंतची जमीन दिसायचीच नाही, तिच्यावर पडलेला दोर दिसायचा. तो किती लांब आहे हे कळायला काय अक्कल लागते? तू मात्र त्या दिवशी सगळ्यांना "ही माझी ताई" म्हणून सांगत फिरलास. माझी तशी ओळख कुणी करून दिलेली त्याआधी आठवत नाही आणि नंतरही.

तेव्हापासून आपला तो नियम ठरला. बाण वर किंवा खाली गेला तर चूक माझी, कारण आकडा माझा. डावीकडे-उजवीकडे गेला तर तुझी, कारण हात तुझा. अस्वलाजवळ पोचायच्या आधीच आपण भांडायला लागायचो. कोपऱ्यात तिरका घुसलेला बाण दिसला की तू म्हणायचास "हा बघ, वर आहे", आणि मी म्हणायचे "डोळे आहेत का तुला, केवढा डावीकडे आहे". मग मिस्त्री येऊन बोटानं मोजायचे आणि दोघांनाही शिव्या द्यायचे. ते भांडण मला इतकं आवडायचं की कधीकधी बाण अगदी मधोमध बसला की मला चुटपुट लागायची.

जुन्या धनुष्याचा स्वभावच तसा होता. संथ. दोरी आणि मूठ यांच्यामध्ये ऐसपैस जागा, त्यामुळे बाण दोरीवरून लवकर सुटून जायचा आणि नंतर तुझा हात थरथरला, मूठ पिळली, खांदा पडला तरी त्याला काही पत्ता नसायचा. तू सर्दीनं शिंकत मारलेला बाणही डुकराच्या पोटात बसलेला मी पाहिलाय. हाताच्या चुका ते बिचारं पोटात घालायचं. पण बाण जायचा तो कमानीसारखा वर चढून उतरत. माझा आकडा तीन मीटरनं कमी पडला की बाण वीतभर खाली. म्हणून तू माझ्या आकड्याची वाट बघायचास. धनुष्य खाली धरून, मान माझ्याकडे वळवून, अगदी गप्प. तेवढ्या त्या क्षणापुरती का होईना, तू माझं म्हणणं मध्येच न तोडता ऐकायचास. एरवी घरात मला कोण वाक्य पुरं करू देत होतं?

मग तू ते नवं आणलंस. मी तुला दोष देत नाही, आधीच सांगते. काय देखणं होतं ते! आखूड, काळं, टोकांच्या कप्प्या अशा तिरप्या कापलेल्या, दोरी मुठीला जवळजवळ टेकलेली. सोडलं की बाण दिसायचाच नाही, नुसता अस्वलाच्या अंगातून धप्प आवाज यायचा. तू पोरासारखा नाचलास. मिस्त्रींनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि त्यांच्या त्या कुजकट आवाजात म्हणाले, की जलद धनुष्य नजरेची चूक झाकतं आणि हाताची उघडी पाडतं, संथ धनुष्य हाताची झाकतं आणि नजरेची उघडी पाडतं, दोन्ही झाकणारं अजून कुणी केलेलं नाही, केलं तर कळवा, मी दुकान बंद करून शेतात जाऊन झोपतो. आपण हसलो. तू त्यांच्याकडे लक्ष दिलं नाहीस. मी दिलं होतं.

कारण पहिल्याच फेरीत मला ते दिसलं. बाण सपाट जायचा. पंचवीस असो की अठ्ठावीस, फरक पडायचा तो चार बोटांचा. एका खुंटीवर मी चुकून बराच कमी आकडा बोलले, बोलल्याबोलल्या मला कळलंही, आणि मी श्वास रोखून उभी राहिले. बाण गेला आणि जनावराच्या अंगावरच्या गोलाच्या कडेला बसला. तू वळून म्हणालास, "वा ताई, बरोबर." तुला कळलंच नाही. त्या दिवशी तुझे बाण चुकले ते सगळे आडवे चुकले. त्या धनुष्यात बाण दोरीला शेवटपर्यंत चिकटून असायचा, तुझ्या मुठीचा बारीकसा पीळही तो बरोबर घेऊन जायचा. दमलास की डावीकडे, चिडलास की उजवीकडे. तू घरी जाऊन आरशासमोर उभा राहून मूठ सुधारत बसायचास, तासन्तास. मला बोलावलं नाहीस, आणि बोलावून करणार काय? माझ्या वाट्याची चूकच उरली नव्हती. भांडायचं कशावरून?

तू कधी "येऊ नकोस" म्हणाला नाहीस. मी येत राहिले. पाण्याची बाटली धरली, बाण उपटले, फोमचा भुसा पुसला. पहिल्यांदा तू आकडा ऐकून मारायचास, मग आकडा ऐकता ऐकता, आणि मग एके दिवशी माझ्या तोंडातून "अठ्ठा" एवढंच बाहेर पडलं होतं आणि बाण गेलाही होता. "वीस" मी तुझ्या पाठीला सांगितलं. पुढच्या रविवारी मी दुकानात मालाची आवराआवर आहे म्हणून सांगितलं. तूही बरं म्हणालास. मग तुला तिकडची नोकरी लागली, लग्न झालं, आणि तू एकट्याच्या फेऱ्या मारायला लागलास. यात कुणी कुणाचं काही वाईट केलं नाही. मला नुसतं फार एकटं वाटलं, एवढंच, आणि ते कधी सांगायला जमलं नाही. बायको आली म्हणून भाऊ दुरावला असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मी त्यांना हो हो म्हणायचे. धनुष्य आलं म्हणून दुरावला असं सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

तुला हसू येईल, पण मी आकडे बोलणं काही सोडलं नव्हतं. दुकान बंद करून घरी जाताना दिव्याच्या खांबापर्यंत बावीस, बेकरीच्या पायरीपर्यंत चाळीस, त्या पिवळ्या कुत्र्यापर्यंत सतरा, उठला, आता एकोणीस. मोठ्यानं बोलायचे. घड्याळवाल्याला वाटलं मी फोनवर कुणाशी तरी बोलते, आणि तो आठवडाभर नवल करत होता की ताईंना आता कोण मिळालं. मीही त्याला सांगून टाकलं नाही. घरी गेल्यावर बोलायला कुणी नसतं. स्वयंपाकघरात एकच ताट, एकच वाटी, ओट्यावर वाळत पडलेली. आईची खोली मी बंद ठेवते, तेवढाच केर कमी. रविवार सगळ्यात लांब जातो. सकाळी कपडे धुते, मग ते वाळेपर्यंत दोरीकडे बघत बसते, मग घड्या घालते. संध्याकाळ झाली की एखादं भांडं उगीचच पुन्हा घासते. तक्रार करत नाही, तुला कळावं म्हणून लिहिलं.

आणि अशातच तुझा तो निरोप आला. "तू सांग, मी मारतो." गुंड्या, मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन रडले. आनंदानं, दुसरं काही नाही. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत नाही असं स्वतःला सांगत होते तेच तू फोनवर सहज लिहून टाकलंस, एकीकडे चहा पीत असशील. मग मी चपलेच्या दुकानात जाऊन रानात चालायचे बूट घेतले. घड्याळवाल्याला सांगितलं, भावानं बोलावलंय, माझ्याशिवाय त्याचं अडलंय. त्यानं विचारलं, काय अडलंय? मी म्हटलं, त्याला अंतर कळत नाही. तो म्हणाला, दाखवा बघू, तो खांब किती? मी म्हटलं, सव्वीस. आणि तो भिंग कपाळावर सरकवून आपला उठला, मोजपट्टी घेऊन खांबापर्यंत गेला, परत आला तो पट्टीवरच्या आकड्यावर अंगठा दाबूनच. त्याला कशाचंही नवल वाटतं, पण या वेळी त्यानं नवलही केलं नाही. मी पट्टी हातातून ओढून घेतली. बत्तीस होते.

मग आम्ही दोघं दुपारभर गल्लीत हिंडलो. बेकरी, पाण्याचा नळ, सायकलवाल्याचं दार, शाळेचं कुंपण. मी बोलायची, तो मोजायचा. कधी पाचनं कमी, कधी सातनं जास्त. कमीच निघाले असते तर तेवढे मिळवून सांगितले असते, पण त्यात काही मेळच नव्हता. सगळ्या गल्लीला वाटलं आम्ही रस्ता विकत घेतोय. शेवटी त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि चहा ओतून दिला, कारण मी ओतला तर तो कपाच्या बाहेर पडतो हे त्याला बरेच दिवस दिसत होतं आणि तो सभ्य माणूस आहे.

आता तुला कळलंच असेल. हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं. मी तुला फोनवर चष्मा बदललाय एवढंच सांगितलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत, त्यांनी सुया दिल्या, औषधं दिली, आणि शेवटी सांगितलं की या डोळ्याला उजेड कळेल, बाकी आशा धरू नका. डावा ठणठणीत आहे. मी वाचते, लिहिते, रस्ता ओलांडते, माणसं ओळखते. फक्त कुठलीही गोष्ट माझ्यापासून किती लांब आहे ते कळेनासं झालंय. दोर अंथरलेला दिसतच नाही, नुसतं चित्र दिसतं, भिंतीला टांगलेलं. आणि याच्यात मला कशाचं हसू येतं सांगू? तुझं ते जलद धनुष्य असतं ना, तर माझ्या अर्ध्या चुका त्यानं झाकल्या असत्या. पण ते होतं तेव्हा तुला मी लागत नव्हते. आता मी लागते, तर हातात ते संथ आहे, ज्यात तुझा दुखरा खांदा निभावून जाईल आणि माझा डोळा पहिल्या खुंटीवर उघडा पडेल.

दोन दिवस माझ्या मनात काय होतं तेही सांगते. यायचं. नवे बूट घालून खुंटीशी उभं राहायचं, छाती काढून आकडे सांगायचे, पूर्वीसारखे, एकदाच, न अडखळता. तू विश्वास ठेवला असतास. बाण हातभर खाली जाऊन मातीत घुसले असते, आणि नियमाप्रमाणे ती चूक माझी. पण तू तसं म्हटलंच नसतंस, हे मला पुरतं ठाऊक आहे. ताई चुकते हे तुझ्या डोक्यातच आलं नसतं. तू म्हणाला असतास, खांद्यात जोर नाही, दोरी पुरती ओढलीच जात नाही, म्हणून बाण पडतायत. एक फेरी, दुसरी फेरी, आणि मग तू धनुष्य कायमचं भिंतीला टांगलं असतंस, माझ्या डोळ्यापायी. मला एक रविवार मिळाला असता आणि तुझं सगळंच गेलं असतं. ते माझ्यानं होणार नाही. एवढं एकटं राहूनही होणार नाही.

म्हणून आता नीट ऐक. तुझ्या बायकोला सांगायला लाव. ती हसेल, "वन्सं, मला काय कळतं त्यातलं" म्हणेल, तिला म्हणावं, मला तरी काय कळत होतं. ती रोज तलावात पोरांना पोहायला शिकवते. पंचवीस मीटर तिच्या हातापायांत मुरलेले आहेत. खुंटीशी उभं राहून आपला तलाव समोर आडवा पसरायचा, जनावर दुसऱ्या काठाच्या अलीकडे आहे की पलीकडे, किती हात मारले की पोचेन, एवढंच बघायचं. पहिले आठ दिवस चुकेल. वर-खाली चुकला तर तिच्याशी भांड, मनसोक्त भांड, पण आकडा पुरा होईपर्यंत बाण सोडू नकोस. धनुष्य मी घेऊन येतेय. हो, येतेय. काही सांगायला नाही, तुमच्या दोघांच्या मागून चालायला. आता माझा काहीच उपयोग नाही, तरी आले तर चालेल का, हे मला तुला विचारायचं होतं, आणि फोनवर विचारलं असतं तर तू "काहीतरीच काय ताई" म्हणून एक हसरा चेहरा टाकला असतास, आणि मला कळलं नसतं की खरं काय. म्हणून हे एवढं लिहिलं. नको असेन तर शुक्रवारपर्यंत सांग, मी धनुष्य पार्सलनं पाठवीन आणि रागावणार नाही. नाहीतर शनिवारी सकाळच्या बसनं येते. बस थांबली की बाहेर बाकावर बसून हात हलवू नकोस, दाराशी ये. शेवटची पायरी आणि जमीन यांच्यामध्ये किती आहे ते मला दिसत नाही, मी पाय लोंबकळत ठेवून उभी राहते आणि मागची माणसं ओरडतात. तिथे उभा राहून मला हात दे. दुखऱ्या खांद्याचा नको, दुसरा.

तुझीच,
ताई